अतिमानव-चित्रकथांतील स्त्री-पुरुष देहचित्रण

अलौकिक शक्ती लाभलेल्या व विशिष्ट वेष धारण करून दुष्टांशी लढणाऱ्या नायक-नायिकांच्या अमेरिकन चित्रकथांत स्त्री-पुरुषांचे देह ज्या रीतीने रेखाटले गेले, त्या रीतीचा इतिहास. सुपरहिरो कॉमिक्स ह्या नावाने जगभर परिचित असलेला हा चित्रकथाप्रकार १९३८ मध्ये अमेरिकेत उदयास आला. अंगाला चिकटलेला वेष आणि अतिशयोक्त शरीरसौष्ठव ही त्याची आरंभापासूनची लक्षणे होत. कागदावर पराक्रम दाखवावयाचा, तर तो देहाच्या हालचालींतूनच दाखवावा लागतो. त्यामुळे ह्या कथांत देहाला प्राधान्य मिळावे, हे स्वाभाविक आहे. वादाचा मुद्दा तो नाही. देह दाखविताना पात्राची इच्छा, बुद्धी व व्यक्तित्व बाजूला सारून त्याला पाहणाऱ्याच्या कामसुखाचे केवळ साधन केले जाते काय, हा खरा प्रश्न आहे. ह्या क्रियेस लैंगिक वस्तुकरण असे म्हणतात. तिच्या विचाराची मुळे इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) ह्याच्या नीतिमीमांसेत आढळतात. अमेरिकन विदुषी मार्था नसबॉम हिने १९९५ मध्ये वस्तुकरणाची सात लक्षणे सांगितली. व्यक्तीला साधन म्हणून वापरणे, तिची स्वायत्तता नाकारणे, एकीच्या जागी दुसरी सहज चालेल असे मानणे आणि तिच्यावर आघात करणे क्षम्य समजणे, ही त्यांपैकी काही होत. त्यापूर्वी १९७५ मध्ये लॉरा मल्व्ही हिने चित्रपटाच्या संदर्भात असे दाखवून दिले होते, की पडद्यावर पुरुष कृती करतो आणि स्त्री पाहिली जाते. चित्रकथांना हे सूत्र लावताना एक अडचण येते. येथे पुरुषही बहुधा अर्धनग्नच असतो. त्यामुळे ‘दोघांचीही चित्रे सारखीच अतिशयोक्त असतात’ असा बचाव चित्रकार व प्रकाशक ह्यांच्याकडून वारंवार करण्यात आला. तो कितपत टिकतो, हे इतिहासावरूनच ठरवावे लागते.

पुरुषदेहाचा आदर्श : चित्रकथांतील पुरुषदेह हा सर्कशीच्या रिंगणातून आला. जेरी सीगल (१९१४–९६) व जो शूस्टर (१९१४–९२) ह्या तरुणांनी सुपरमॅन ही व्यक्तिरेखा निर्माण केली. तिचा घट्ट पोशाख व त्यावरील आखूड चड्डी ही सर्कशीतील बलदंड कसरतपटूंच्या पेहरावावरून घेतलेली आहे. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९३६ मध्ये, ली फॉक (१९११–९९) ह्याने वृत्तपत्रांतील चित्रमालिकेत फँटमला असाच घट्ट वेष दिला होता. इंद्रजाल कॉमिक्सच्या (१९६४–९०) मराठी आवृत्तीमुळे हा फँटम महाराष्ट्रातील एका पिढीच्या चांगल्याच परिचयाचा झाला. अशा वेषात मुद्रणाचीही सोय होती. चित्रकाराने उघड्या देहाची आकृती काढावयाची आणि तीवर सपाट रंग चढवावयाचा, एवढ्याने काम भागे. स्वस्त कागदावरील चाररंगी छपाईत कापडाच्या चुण्या दाखवीत बसणे परवडणारे नव्हते.

हा पुरुषदेह कोणासाठी होता, ह्याचे उत्तर ह्या पुस्तिकांतील जाहिरातीच देतात. चार्ल्स ॲटलस (१८९२–१९७२) ह्याच्या व्यायाम-अभ्यासक्रमाच्या प्रसिद्ध जाहिरातीत समुद्रकाठी बसलेल्या एका कृश तरुणाच्या तोंडावर एक दांडगा वाळू उडवितो. तरुण घरी जाऊन शरीर कमावतो, परत येऊन त्या दांडग्याला ठोसा लगावतो आणि सोबतची तरुणी त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागते. पिळदार शरीर वाचणाऱ्या मुलाने स्वतःचे मानावे, अशी ह्यात अपेक्षा आहे. ते त्याच्या आकांक्षेचे चित्र आहे. तरुणी मात्र बक्षिसाच्या जागी आहे. पुढील अनेक दशकांच्या चित्रकथांची वाटणी ह्या जाहिरातीतील काही चौकटींत आधीच झालेली दिसते.

स्त्रीपात्रे व युद्धकाळ : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिक हा चित्रकथांचा मोठा वाचकवर्ग बनला. छावण्यांत भिंतीवर टांगल्या जाणाऱ्या सुंदरींच्या चित्रांची छाया ह्या पुस्तिकांवर पडली. शीना ही वनकन्या व तिच्यासारख्या नायिका चामड्याच्या तोकड्या वस्त्रांत झाडांवरून झेपावू लागल्या. फँटम लेडी ह्या नायिकेची मॅट बेकर (१९२१–५९) ह्या कृष्णवर्णीय चित्रकाराने १९४७ पासून काढलेली चित्रे ह्या शैलीचा नमुना मानली जातात. बेकरचे रेखाटन सफाईदार होते ह्यात शंका नाही. परंतु त्याच्या १९४८ मधील एका गाजलेल्या मुखपृष्ठावर नायिका दोरांनी बांधलेली आहे आणि चित्रातील सारे लक्ष तिच्या वक्षःस्थळाकडे वेधलेले आहे. ह्याच काळात टार्पे मिल्स ह्या नावाने एक स्त्री ‘मिस फ्यूरी’ ही वृत्तपत्रीय मालिका (१९४१ पासून) काढीत होती. ती स्त्री आहे हे वाचकांना कळू नये, म्हणून तिने आपले पहिले नाव ‘जून’ गाळले होते. तिच्या नायिकाही सुंदर व कमी कपड्यांतल्या असत. पण कपड्यांची हौस, न्हाणीघर, आरसा ह्या गोष्टी तेथे नायिकेच्या स्वतःच्या जीवनाचा भाग म्हणून येतात. उघडा देह आणि वस्तुकरण ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे तिच्या चित्रांवरून ध्यानात येते.

वंडर वुमन : ह्या प्रश्नाची सारी गुंतागुंत एकाच व्यक्तिरेखेत पाहावयाची असेल, तर वंडर वुमनकडे वळावे लागते. विल्यम मोल्टन मार्स्टन (१८९३–१९४७) हा मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाबावरून असत्य ओळखण्याची चाचणी त्याने शोधून काढली होती. स्त्रिया पुरुषांपेक्षा श्रेष्ठ असून पुढेमागे जगाचे राज्य त्यांच्याच हाती येईल, असे त्याचे मत होते. मुलांच्या मनावर हे मत बिंबविण्यासाठीच त्याने १९४१ च्या अखेरीस वंडर वुमन ही ॲमेझॉन राजकन्या जन्मास घातली. तिची चित्रे हॅरी पीटर (१८८०–१९५८) ह्याने काढली. पत्नी एलिझाबेथ हॉलोवे व ऑलिव्ह बर्न अशा दोन विदुषी स्त्रियांसह मार्स्टन एकाच घरात राहत असे. नायिकेच्या मनगटांवरील कडी ही ऑलिव्ह बर्नच्या कड्यांवरून घेतलेली आहेत.

तथापि ह्या स्त्रीवादी नायिकेच्या कथांत ती जवळजवळ प्रत्येक अंकात साखळदंडांनी, दोरांनी वा पट्ट्यांनी बांधलेली दिसते. पुरुषाने तिची कडी एकत्र जखडली की तिची शक्ती नाहीशी होते, असा कथेतील नियमच होता. मार्स्टनच्या मते ह्यात दोष काहीच नव्हता. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या चळवळीतील चित्रांत साखळी तोडणारी स्त्री हे परिचित प्रतीक होते आणि पीटरने पूर्वी त्या चळवळीला अनुकूल अशा चित्रकारांच्या सान्निध्यात काम केले होते. शिवाय प्रेमळ सत्तेपुढे स्वेच्छेने नमणे हाच शांततेचा पाया आहे, असा मार्स्टनचा एक स्वतंत्र सिद्धान्त होता. प्रकाशनसंस्थेच्या सल्लागार मंडळातील बालवाङ्‌मयाच्या अभ्यासक जोझेट फ्रँक ह्यांना हे पटले नाही. ह्या कथांत स्त्रियांना साखळ्यांत जखडून छळण्याचे जे प्रसंग येतात, त्यांत परपीडनाची गोडी आहे, असे त्यांनी १९४३ मध्ये स्पष्ट कळविले. तेव्हा प्रकाशक मॅक्स गेन्स (१८९४–१९४७) ह्याने साखळ्या न वापरता स्त्रीला कैद करण्याचे निरनिराळे मार्ग सांगणारी एक यादी मार्स्टनकडे पाठवून दिली. साखळ्या बऱ्याच कमी केल्या तरी खप कमी होणार नाही, असा त्याचा हिशेब होता. आक्षेपाचे मर्म बाजूला राहून साधनांची तेवढी अदलाबदल झाली. चित्रकथांच्या धंद्यात हे पुढेही अनेकदा घडले.

फ्रँकबाईंचा हा आक्षेप आणि कॅथलिक संघटनांचा आक्षेप ह्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर डीसेंट लिटरेचर ह्या संस्थेने १९४२ मध्येच वंडर वुमनच्या कथा प्रसिद्ध करणारे ‘सेन्सेशन कॉमिक्स’ हे मासिक निषिद्ध सूचीत घातले होते. नायिकेच्या अंगावर पुरेसे कपडे नाहीत, एवढेच तिचे कारण होते. एका बाजूला शालीनतेचा भंग ही तक्रार होती, तर दुसऱ्या बाजूला स्त्रीच्या व्यक्तित्वाचा भंग ही. ह्या दोहोंची गल्लत पुढे महाग पडली.

वर्टम आणि आचारसंहिता : मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्टम (१८९५–१९८१) ह्याच्या सिडक्शन ऑफ द इनोसंट (१९५४) ह्या ग्रंथाने अमेरिकेत मोठी खळबळ उडवून दिली. बेकरचे उपर्युक्त मुखपृष्ठ त्याने ग्रंथात पुराव्यादाखल छापले. बॅटमन व रॉबिन ह्यांच्या सहजीवनात त्याला समलिंगी संबंधांचे स्वप्न दिसले. रॉबिनचे उघडे पाय व बॅटमनचे आलिशान घर ह्यांची त्याने केलेली चर्चा आज विचित्र वाटते. पण पुरुषदेहही कोणाच्या तरी अभिलाषेचा विषय होऊ शकतो, हे जाहीरपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लेखकांत त्याची गणना करावी लागेल, मग त्याचा हेतू निषेधाचा का असेना. वर्टमच्या कागदपत्रांचा अभ्यास करून कॅरल टिली हिने २०१२ मध्ये असे दाखविले, की त्याने आपल्या बालरुग्णांच्या निवेदनांत सोयीस्कर फेरफार केले होते.

१९५४ मध्ये सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि सरकारी बंधने टाळण्यासाठी प्रकाशकांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. स्त्रियांची चित्रे वास्तवाला धरून काढावीत, त्यांच्या कोणत्याही अवयवाची अतिशयोक्ती करू नये, असे एक कलम तीत होते. पुरुषांच्या स्नायूंविषयी असे कलम नव्हते. ह्या संहितेमुळे उत्तान चित्रे थांबली. पण त्यांबरोबर धीट नायिकाही मागे पडल्या. १९५६ मध्ये अवतरलेली बॅटवुमन शस्त्रांऐवजी सौंदर्यप्रसाधनांच्या पिशवीतील वस्तूंनी गुन्हेगारांशी लढे. ती मुख्यतः बॅटमनवर अनुरक्त झालेली स्त्री होती. चित्रे सभ्य झाली. स्त्रीपात्रांचे माणूसपण त्यामुळे वाढले असे म्हणता येत नाही.

सुपरमॅनचा जनक शूस्टर ह्याची कहाणी ह्याच काळातील आहे. सुपरमॅनवरील हक्क गमावून विपन्नावस्थेत सापडलेल्या शूस्टरने ‘नाइट्स ऑफ हॉरर’ ह्या चोरून विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांसाठी निनावी चित्रे काढली. त्यांत चाबूक, दोर व अर्धनग्न स्त्री-पुरुष आढळतात आणि काहींचे चेहरे क्लार्क केंट व लोइस लेन ह्यांच्याशी मिळतेजुळते आहेत. ह्या पुस्तिकांवरील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये उचलून धरली. चित्रकाराचे नाव मात्र फार उशिरा, २००९ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्धीस आले.

कॅरल डॅनव्हर्सचे प्रकरण : स्त्रीमुक्ती चळवळीचा प्रभाव चित्रकथांवर १९७० नंतर दिसू लागला. ‘मिझ’ ह्या स्त्रीवादी मासिकाने जुलै १९७२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर वंडर वुमनचे चित्र छापले. १९७७ मध्ये मार्व्हल ह्या प्रकाशनसंस्थेने मिझ मार्व्हल ही नवी नायिका आणली. तिच्या नावातच चळवळीचा स्वीकार होता. कॅरल डॅनव्हर्स हे तिचे मूळ नाव. ती एका स्त्रीविषयक मासिकाची संपादिका असून पुरुषांइतके वेतन मागते. तिच्या पहिल्या पोशाखात मात्र पोट व पाठ उघडी होती आणि १९७८ मध्ये तिला जो काळा वेष मिळाला, तो पोहण्याच्या पोशाखासारखा होता. त्याच वर्षी स्टॅन ली (१९२२–२०१८) व जॉन ब्युसेमा (१९२७–२००२) ह्यांचे चित्रकथा-रेखाटनाचे पाठ्यपुस्तक निघाले. त्यात नायकाची उंची डोक्याच्या पावणेनऊ पट ठेवावी आणि स्त्रीच्या देहात स्नायूंना उठाव देऊ नये, असे शिकविले आहे. म्हणजे जी मोटार उचलते, तिच्या दंडावर ती उचलल्याची खूण दिसू नये. नवोदित चित्रकारांच्या पिढ्या ह्या पुस्तकावर वाढल्या.

१९८० मध्ये ‘ॲव्हेंजर्स’च्या दोनशेव्या अंकात मिझ मार्व्हलला एक परलोकीचा पुरुष यंत्रांच्या साहाय्याने मोहित करून गर्भवती करतो, तिच्याच पोटी पुन्हा जन्म घेऊन काही तासांत तरुण होतो, आणि अखेरीस ती त्याच्याबरोबर निघून जाते. तिचे सहकारी तिला हसतमुखाने निरोप देतात. ह्या कथेत अश्लील असे एकही चित्र नाही. आचारसंहितेचे कोणतेही कलम तिने मोडलेले नाही. तरीही तीत जे घडते, तो बलात्कार होय, असे कॅरल स्ट्रिकलंड हिने एका वाचकपत्रिकेतील लेखात साधार दाखवून दिले. लेखक ख्रिस क्लेरमाँट ह्याने पुढल्या वर्षीच्या वार्षिकात नायिकेला परत आणले व तिच्या तोंडून सहकाऱ्यांची कानउघाडणी केली. अमेरिकन चित्रकथांच्या इतिहासात वाचकाच्या टीकेला कथेतूनच इतके सरळ उत्तर दिले गेल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

विक्रीव्यवस्था व १९९० नंतरचा काळ : शैलीतील बदलांची कारणे चित्रकारांच्या रुचीत शोधण्याचा प्रघात आहे, वास्तविक ती विक्रीच्या पद्धतीतही शोधावयास हवीत. पूर्वी चित्रकथा वृत्तपत्रांच्या स्टॉलवर विकल्या जात आणि न विकलेले अंक परत घेतले जात. तेथे मुली, मुलगे, आया सर्वच येत. फिल सूलिंग (१९३४–८४) ह्याने १९७३ मध्ये खास दुकानांना अधिक सवलतीने, पण परतीच्या बोलीविना, माल पुरविण्याची पद्धत सुरू केली. अशा दुकानांत येणारे गिऱ्हाईक बहुतांशी तरुण व प्रौढ पुरुष, आणि तेही ठरावीकच. परत न जाणाऱ्या मालाचा धोका दुकानदाराच्या माथी असल्यामुळे तो खात्रीचे तेवढेच मागवी. आचारसंहितेच्या शिक्क्याचीही तेथे गरज नव्हती. वाचकवर्ग आकुंचित होत गेला, तसतशी स्त्रीदेहाची अतिशयोक्ती वाढत गेली.

एक्स-मेनच्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या १९९१ मध्ये ऐंशी लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. १९९२ मध्ये लोकप्रिय चित्रकारांनी इमेज ही स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि कथेपेक्षा चित्राला, चित्रापेक्षाही देहमुद्रेला महत्त्व आले. लेडी डेथ, विचब्लेड इ. नायिका ह्या लाटेवर आल्या. छाती व नितंब दोन्ही एकाच वेळी वाचकाकडे वळलेले दिसावेत म्हणून कंबरेतून पिळलेली अशक्य देहमुद्रा ह्या काळात रूढ झाली. पाठीचा कणा मोडल्यावाचून तशी उभी राहणे कोणालाही शक्य नाही. पुरुषांची शरीरेही फुगली. परंतु ती धावताना, आदळताना, गर्जना करताना फुगलेली असतात. नायिका लढतानाही छायाचित्रासाठी थांबल्यासारखी दिसते. मार्व्हलने १९९१–९५ ह्या काळात नायक-नायिकांना जलतरणाच्या पोशाखात दाखविणारे खास अंक काढले. त्यांत पुरुषही तेवढ्याच थाटात उभे आहेत. बचावपक्षाला अनुकूल असा हा विरळा पुरावा म्हणावा लागेल.

देहचित्रणाचा कथानकाशी असलेला संबंध ॲलन मूर व ब्रायन बॉलंड ह्यांच्या ‘द किलिंग जोक’ (१९८८) मध्ये उघड होतो. बार्बरा गॉर्डन ऊर्फ बॅटगर्ल हिला जोकर गोळी घालून पंगू करतो, विवस्त्र करून तिची छायाचित्रे घेतो, आणि हे सर्व तिच्या पित्याला वेडे करण्यासाठी. मूर ह्याने ह्या कथेबद्दल पुढे स्वतःच नापसंती व्यक्त केली. किंबर्ली येल व जॉन ऑस्ट्रँडर ह्या दांपत्याने १९८९ पासून बार्बराला चाकांच्या खुर्चीतील कुशल माहितीतज्ज्ञ म्हणून नवे जीवन दिले. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्नची प्रेयसी ठार मारून तिचे प्रेत शीतकपाटात कोंबल्याचा प्रसंग रंगविण्यात आला. तेव्हा केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या गेल सिमोन ह्या वाचक स्त्रीने १९९९ मध्ये, नायकाला सूडास प्रवृत्त करण्यासाठी मारल्या, बलात्कारिल्या वा शक्तिहीन केल्या गेलेल्या स्त्रीपात्रांची लांबलचक यादी प्रसिद्ध केली व चित्रकारलेखकांकडे खुलासा मागितला. पुरुष पात्रेही मरतात, असे उत्तर आले. त्यावर असे निदर्शनास आणण्यात आले, की पुरुष पात्रे बहुधा पूर्ववत होतात, स्त्रीपात्रे होत नाहीत. सिमोन पुढे स्वतःच लेखिका झाली आणि वंडर वुमन व बॅटगर्ल ह्यांच्या कथा तिने लिहिल्या.

पुरुषदेहाकडे पाहण्याची दृष्टी : पुरुष पात्रांचे वस्तुकरण होतच नाही असे नाही. नाइटविंग (पूर्वीचा रॉबिन) ह्याच्या सुडौल पाठमोऱ्या आकृतीचे कौतुक स्त्रीवाचकांत दीर्घकाळ चालत आले आणि ‘ग्रेसन’ (२०१४–१६) ह्या मालिकेत त्याचा विनोदी उपयोगही करण्यात आला. परंतु त्यामुळे त्याचे बुद्धिचातुर्य वा कर्तृत्व उणावत नाही. ‘वॉचमेन’मधील (१९८६–८७) डॉक्टर मॅनहॅटन पूर्ण नग्न आहे, त्याची नग्नता मानवी व्यवहारांपासून त्याचे दूर जाणे सुचविते, अभिलाषा नव्हे. २०१८ मध्ये ‘बॅटमन : डॅम्ड’च्या पहिल्या अंकात अंधाऱ्या चौकटीत बॅटमनचे जननेंद्रिय अस्पष्ट दिसले, तेव्हा प्रकाशकांनी ते संगणकीय आवृत्तीतून व पुढील मुद्रणांतून काढून टाकले. ज्या धंद्यात स्त्रीदेहाचे प्रदर्शन अर्धशतकभर नित्याचे होते, त्यात पुरुषाच्या एका सावलीने संकोच उत्पन्न व्हावा, हे बोलके आहे.

अलीकडील बदल : पुस्तकांची दुकाने, ग्रंथालये व संगणकीय प्रती ह्यांमुळे २००० नंतर वाचकवर्ग पुन्हा विस्तारला आणि मुली परतल्या. निषेधही अधिक परिणामकारक झाला. मिलो मनारा ह्या इटालियन शृंगारचित्रकाराने २०१४ मध्ये स्पायडर-वुमनसाठी काढलेल्या मुखपृष्ठावर टीका झाली आणि पुढच्या वर्षी त्या नायिकेला व्यवहार्य असा नवा पोशाख मिळाला. २०१५ मध्ये ‘द किलिंग जोक’ची आठवण देणारे, रडणाऱ्या बॅटगर्लचे एक मुखपृष्ठ चित्रकाराच्याच विनंतीवरून मागे घेण्यात आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला स्त्रिया व मुली ह्यांच्या सबलीकरणाची सन्माननीय राजदूत नेमले. तिचा तोकडा, अमेरिकन ध्वजाच्या धाटणीचा वेष व अवास्तव देहयष्टी ह्यांस आक्षेप घेणाऱ्या निवेदनावर सु. ४५,००० स्वाक्षऱ्या झाल्या आणि दोन महिन्यांच्या आत ही नेमणूक संपुष्टात आली. मार्स्टनच्या नायिकेवरील ७५ वर्षांपूर्वीचे दोन्ही आक्षेप येथे पुन्हा एकत्र आलेले दिसतात.

२०१२ मध्ये केली स्यू डीकॉनिक हिने कॅरल डॅनव्हर्सला कॅप्टन मार्व्हल ही पदवी दिली आणि चित्रकार जेमी मकेल्व्ही ह्याने तिच्यासाठी वैमानिकाच्या वेषासारखा, सर्वांग झाकणारा पोशाख तयार केला. मूळ कथेत ती हवाई दलातील अधिकारीच होती. मिझ मार्व्हल हे रिकामे झालेले नाव २०१४ मध्ये कमला खान ह्या न्यू जर्सीतील पाकिस्तानी वंशाच्या शाळकरी मुलीकडे आले. संपादिका सना अमानत व लेखिका जी. विलो विल्सन ह्यांनी घडविलेल्या ह्या मालिकेच्या पहिल्या संग्रहाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. शक्ती प्राप्त होताच कमला प्रथम आपल्या आवडत्या नायिकेचे, सोनेरी केसांचे व काळ्या तोकड्या वेषाचे, रूप धारण करते. मग तिच्या ध्यानात येते, की ह्या पोशाखात बूट चावतात आणि कापड नको तेथे रुतते. त्यानंतर ती पोहण्यासाठी घरात आणलेली बुरखावजा बुर्किनी काढून तिच्यापासून स्वतःचा पोशाख शिवते.